पंप चांगला, किलो खोटा

टायरमध्ये हवा भरायचा हा पंप चांगला आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांचा वेळ जायला नको. गाडीच्या चारही चाकांत हवा भरतो, ठरवून दिलेल्या आकड्याला आपला आपण थांबतो, चार्जिंग टिकतं. २,३४९ रुपयांत याहून जास्त मागू नये. पण त्याच्यावर युनिट बदलायचं एक बटण आहे. ते दाबत गेलं की पीएसआय (चौरस इंचावर किती पाउंड), बार, केपीए (किलोपास्कल) आणि केजी पर सेंटिमीटर स्क्वेअर (चौरस सेंटिमीटरवर किती किलो) अशी दाबाची चार घरं फिरतात. चौथ्या घरात पंप खोटं बोलतो, आणि माझी भाकरी नेमकी त्याच घरातली.

मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं प्रेशर गेज, म्हणजे दाब दाखवणारी घड्याळं, तपासते. आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक केलं तेव्हा वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. आमच्याकडं फाउंड्रीतली गेजं येतात, इचलकरंजीच्या कापडाच्या प्रोसेस हाउसमधली येतात, साखर कारखान्यांतली येतात. कुणाचा काटा अडकलेला, कुणाची काच फुटलेली, कुणाच्या आत पाणी शिरलेलं. उघडायचं, आतली इंग्रजी सी-सारखी वाकलेली बोर्डन ट्यूब साफ करायची, टेस्टरवर चढवायचं, काटा बसवायचा, सर्टिफिकेट द्यायचं. या धंद्यात सगळे नुसतं ‘किलो’ म्हणतात. सात किलोचं गेज, आठ किलोला कटऑफ. सेंटिमीटर स्क्वेअर म्हणत बसायला कुणाला वेळ आहे?

घरात मात्र तीन भाषा. अण्णा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात बॉयलरवर होते, १९६८ ला लागले. वजनमापांचा मेट्रिक कायदा होऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती, पण त्यांच्या बॉयलरवरचं गेज पाउंडाचं, शिफ्टच्या लॉगबुकातला रकाना पाउंडाचा, त्यामुळं वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीही ते पाउंडातच बोलतात. मी किलोवाली. माझा धाकटा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला, त्याच्या वहीत बार आणि पास्कल. पंप त्यानंच दिवाळीच्या सुट्टीत मागवला. पेट्रोल पंपावर हवेच्या रांगेत थांबायचं जिवावर येतं म्हणे.

आता वापराचं. दाराच्या चौकटीवर गाडीचं स्टिकर आहे, २३० केपीए, ३३ पीएसआय. पुढचं डावं चाक २६ वर उतरलं होतं. पंपावर ३३ लावून बटण दाबलं, दोन मिनिटांच्या थोडं वर गेलं आणि थांबला. आवाज मिक्सरमध्ये शेंगदाणे टाकल्यासारखा. सकाळी सहाला चालू केला तर समोरच्या काकू गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. चौथ्या चाकापर्यंत नळीचं पितळी टोक इतकं तापतं की उघड्या हातानं सोडवताना चटका बसतो. फडकं जवळ ठेवा. ते टोक आट्याचं आहे, फिरवून काढेपर्यंत अर्धा पीएसआय हवा फुस्स होते, म्हणून ३३ हवे असतील तर मी साडेतेहतीस लावते. एका चार्जिंगमध्ये आमच्या गाडीची चार आणि स्कूटरची दोन चाकं दोनदा झाली. दिवा आहे, पण तो नळीवर पडायच्या ऐवजी आपल्याच डोळ्यांवर पडतो. आणि बंद करून चालू केला की तुम्ही कुठलंही युनिट ठेवलेलं असो, हा परत पीएसआयवर जातो. तेव्हा राग आला होता. आता वाटतं तेच बरं आहे.

पहिल्या दिवशी अण्णा प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन गाडीजवळ येऊन बसले होते.

“किती पाउंड भरलीस?”

“तेहतीस, अण्णा.”

“किलोत किती हुतंय?”

मी बटण दाबलं. बार २.२८. परत दाबलं, केपीए २२८. परत दाबलं, केजी २.२८.

अण्णा चष्मा वर करून पडद्याकडं बघत राहिले. “बार बी तेवढंच, आन किलो बी तेवढंच? मग दोन नावं कशाला ठेवल्यात?”

धाकटा म्हणाला, “आजोबा, दोन्ही साधारण सारखंच असतं.” आणि पंपाच्या पाठीवरचं चिकटवलेलं कोष्टक दाखवलं. त्यावर छापलंच आहे, एक बार बरोबर एक केजी बरोबर साडेचौदा पीएसआय.

अण्णांचा एक पाढा आहे, तो मी लहानपणापासून ऐकलाय. किलोला सव्वाचौदा, बारला साडेचौदा. नेमके आकडे १४.२२ आणि १४.५० आहेत, पण तोंडी हिशोबाला सव्वा आणि साडे यापेक्षा चांगली सोय कुठल्या पुस्तकात नाही. तेहतिसाला सव्वाचौदानं भागलं की २.३२ किलो येतात. २.२८ येत असतील तर ते बार आहेत, वर किलोचा शिक्का मारलाय एवढंच.

धाकट्याला मी त्याच्याच भाषेत सांगितलं. एका चौरस सेंटिमीटरवर एक किलोचं वजन ठेवलं की ते ९.८०६६५ न्यूटननं दाबतं. एक बार म्हणजे एक लाख पास्कल, म्हणजे त्याच चौरस सेंटिमीटरवर पुरते १० न्यूटन. किलो दोन टक्क्यांनी कमी पडतो, बाकी काही गूढ नाही. बारातून किलो काढायचे तर दोन टक्के चढवायचे, किलोतून बार काढायचे तर दोन टक्के उतरवायचे. पास्कल हे नाव तर १९७१ साली ठरलं, अण्णा नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती तेव्हा. म्हणून ‘नवीन युनिट’ म्हटल्यावर ते जरा हसतात.

किलोतली एक गंमत आमच्या धंद्याबाहेर फारशी कुणाला माहीत नसते. ते ९.८०६६५ हे ठरवून दिलेलं गुरुत्व आहे. कोल्हापुरात खरं गुरुत्व ९.७८ च्या आसपास, जवळजवळ पाव टक्का कमी. आमच्या डेड वेट टेस्टरवर पिस्टनवर वजनाच्या चकत्या एकावर एक रचतो, खालून तेलाचा दाब देतो, पिस्टन तरंगला की हातानं हलकेच गरगर फिरवतो म्हणजे तो घासून अडकत नाही, आणि मग गेज वाचतो. चकतीवर ‘एक किलो’ कोरलेलं असलं तरी इथं ती तेवढी दाबत नाही. त्याची दुरुस्ती सर्टिफिकेटवर धरावी लागते. जिथं आम्ही पाव टक्क्यासाठी कागद काळे करतो, तिथं या पंपानं नाव बदलून दोन टक्के खाल्ले.

आकडा बघून ‘हे होऊच शकत नाही’ म्हणायची सवय मला अण्णांनी लावली. कारखान्यात पॅनवर, जिथं साखरेचा रस व्हॅक्यूममध्ये उकळवून दाणा धरतात, तिथं व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचात मोजायचे. समुद्रकिनाऱ्यावर हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा, म्हणजे २९.९२ इंच. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या वर, इथं पारा ७११ च्या आसपास, म्हणजे २८ इंच. हवाच २८ इंचाची असेल तर तिच्यातून २९ इंच उपसणार कसे? तरी आजही एखादं गेज टेबलावर येतं, मालक कौतुकानं सांगतो, आमचं व्हॅक्यूम एकोणतीसला लागतं. मी म्हणते, मशिन पणजीला नेलं होतं काय? काटा पुढं सरकलेला असतो, बाकी काही नाही.

तर शनिवारी पंप पिशवीत घालून वर्कशॉपला नेला. जेवणाच्या सुट्टीत जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह एका टीला, म्हणजे तीन तोंडांच्या जोडाला, बसवला, टीच्या एका तोंडाला हवा साठवायला छोटा पॉट, दुसऱ्या तोंडाला आमचं मास्टर गेज, बाकीची ज्याच्याशी ताडून बघतो ते. सहा इंची डायल, काट्याखाली आरसा. काटा आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब एकावर एक आलं की मगच वाचायचं, नाहीतर मान वाकडी करून माणूस हवा तो आकडा वाचतो. मालकांनी डबा बाजूला ठेवला आणि तेही येऊन उभे राहिले.

मास्टरवर २ किलो धरले. पंप म्हणाला २८.५ पीएसआय. खरा आकडा २८.४, म्हणजे शाब्बास. बार १.९६, बरोबर. केपीए १९६, बरोबर. केजी १.९६. चूक. ५ किलोला नेलं. पीएसआय ७१, बार ४.९०, केपीए ४९०, सगळं चोख. केजी परत ४.९०. ७ किलोला पीएसआय ९९.५, बार ६.८६ आणि केजीही ६.८६. मालक म्हणाले, “आतलं सेन्सर झकास आहे की.” तेच तर दुःख. मोजायचं अवघड काम याला जमलंय, आणि शाळेतल्या पोराचा गुणाकार जमला नाही. बहुतेक बारसाठी लिहिलेली ओळच किलोला चिकटवली असणार.

आता कुणी विचारेल, टायरला दोन टक्क्यांनी काय होतं? काही होत नाही. दुपारच्या उन्हात गाडी पाच-सहा अंशांनी तापली तरी एक पीएसआय चढतो, दोन टक्के म्हणजे त्याच्याहून कमी. आमच्या स्कूटरच्या स्टिकरवर कंपनीनंच २०० केपीए, २.०० केजी, २९ पीएसआय असं एका ओळीत छापलंय. हिशोबानं २०० केपीएचे २.०४ केजी होतात. पण ते स्टिकर आहे. ‘इतकी हवा भरा’ असं सांगताना आकडा गोल केला तर कुणाचं बिघडत नाही. पंप सांगत नाही, मोजतो, आणि दशांशानंतर दोन आकडे दाखवून मोजतो. २.२८ असं लिहिल्यावर माणूस शेवटच्या आठावर विश्वास ठेवणारच की.

मला चीड येते ती दुसऱ्याच कारणानं. मागच्या वर्षी एका प्रोसेस हाउसचा नवा पोरगा बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे दाब ठरल्यापेक्षा चढला की उडून वाफ सोडणारा, आणि त्याच्याबरोबर कागद घेऊन आला. कागदावर ‘सेटिंग १०.५४ बार’. मी म्हटलं, बार कुठून आला? म्हणाला, मॅडम, बार काय आणि किलो काय, एकच. मग त्याला बॉयलरच्या नेमप्लेटचा फोटो मागवायला लावला. प्लेटवर १०.५४ केजी. १०.५४ बारला व्हॉल्व्ह बांधला असता तर तो १०.७५ किलोला उडाला असता, परवानगीच्या दाबापेक्षा वर. लगेच स्फोट होतो असं नाही, बॉयलरची हायड्रॉलिक टेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाची परीक्षा, दीडपट दाबाला घेतलेली असते. पण सेफ्टी व्हॉल्व्हचं काम ज्या आकड्याला उडायचं त्याच आकड्याला उडायचं, आणि इन्स्पेक्टर आला की त्याच्या गेजवर ते उघडं पडतं.

त्या रात्री जेवताना अण्णांना हे सांगितलं. घास हातात धरून म्हणाले, “दीडशे पाउंड!”

इतकी वर्षं मी १०.५४ हा आकडा नेमप्लेटांवर बघत आले, आणि हा असा तिरपागडा आकडा का, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. १०.५४ ला १४.२२ नं गुणा. १४९.९ येतात. लहान बॉयलरचं जुनं दीडशे पाउंडाचं रेटिंग तसंच किलोत उतरवून घेतलं आणि मग तेच पाठ झालं. १०० पाउंडाचे ७.०३ किलो, ३०० पाउंडाचे २१.०९. दहा किलो किंवा अकरा किलो असा सरळ आकडा कुणी घेतलाच नाही. पाउंड गेले म्हणतात ते खोटं आहे, ते किलोचा शर्ट घालून अजून बॉयलर हाउसमध्ये हिंडतायत. तेव्हा जे पोर घरी पंपाच्या पाठीवर ‘एक बार बरोबर एक केजी’ वाचून मोठं होईल, ते उद्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या कागदावर तेच लिहिणार, एवढंच माझं म्हणणं.

युनिटच्या बटणानं आमच्या घरात एकदा गोंधळ घातलेलाच आहे. आईचं बीपी बघायच्या मशिनला कुणाचा तरी अंगठा लागला आणि ते केपीएवर गेलं. पडद्यावर १७.३ आणि १०.७. भावानं डॉक्टरांना फोन लावला, आईला आडवं केलं, पायाखाली उशी दिली. आई उशीवरून विचारतेय, “अरे, मला काय झालंय?” मी कामावरून फोनवर सांगितलं, त्याला साडेसातानं गुण. १३० आणि ८०. तिचं बीपी त्या दिवशी आम्हा सगळ्यांपेक्षा बरं होतं. पण त्या मशिनचा हिशोब तरी खरा होता, आम्हीच घाबरलो. या पंपाचं उलटं आहे, इथं कुणी घाबरणारच नाही.

विकणाऱ्या कंपनीला मी मेल केली, मास्टर गेजच्या वाचनासकट. तीन दिवसांनी उत्तर आलं की टायरच्या वापरासाठी बार आणि केजी एकच समजावेत, आणि समाधान नसेल तर सात दिवसांत पंप परत करता येईल. परत केला नाही. परत केला तर त्याच पैशांत दुसरा मागवायचा, आणि त्यात काय भरलंय कुणाला ठाऊक. निदान याचं खोटं कुठं आहे ते मला माहीत आहे.

तुम्ही असा पंप घेतलात, कुठल्याही कंपनीचा, तर परत करायची मुदत संपायच्या आत एवढं करून बघा. चाकाला नळी जोडून पडद्यावर एक आकडा आणा, मोठा असेल तर बरं, सायकलच्या ट्यूबला ५० पीएसआय चालतील. मग बटण दाबत जा. बार ३.४५ दिसायला हवेत, केपीए ३४५ आणि केजी ३.५२. एखाद्या पंपाला दशांशानंतर एकच आकडा असतो, तिथं बार ३.४ आणि केजी ३.५ येतील, तरी चालेल, वेगळे आले म्हणजे झालं. पीएसआय आणि बार यांच्यात साडेचौदाचं नातं जमलं नाही तर मात्र तो पंप ठेवूच नका, कारण मग चूक नावात नाही, मापात आहे.

गुण द्यायचे तर पंप म्हणून पाचपैकी चार, गेज म्हणून पीएसआयवर चार, किलोवर शून्य. पाठीवरच्या कोष्टकाला मी मोजतच नाही. वर्कशॉपमध्ये गेज नापास झालं की आम्ही त्याच्या काचेवर लाल पट्टी चिकटवतो, ‘वापरू नये’. तीच पट्टी आणून कोष्टकावर आडवी लावली. धाकटा पुण्याला जाताना पंप घेऊन गेला, हॉस्टेलवर मित्रांच्या बाइकींना लागतो म्हणून. परवा फोनवर म्हणाला, पट्टी बघून सगळे विचारतात की पंप बिघडलाय का.

अण्णांनी मधेच फोन घेतला आणि विचारलं, “पाउंडावरच ठेवलायस न्हवं?”